वापस

नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवायचे. उत्तरपत्रिका तपासताना मी सगळ्यांत जास्त वेळा खोडलेला शब्द म्हणजे ‘वापस’. ‘तो गावाहून वापस आला.’ ‘तिने पुस्तक वापस केले.’ लाल पेनाने आडवी रेघ मारायची आणि वर लिहायचं, ‘परत’. आमच्या भागात झाडून सगळे वापसच म्हणतात. मीसुद्धा घरात तेच म्हणत मोठी झाले. वर्गात एखादी पोरगी विचारायचीच, “मॅडम, वापसला काय झालं? कळतं की सगळ्यांना.” मी सांगायचे, बोलताना काही बोला, पेपरात लिहू नका.

अकरा वर्षं मी तिथं तासिका तत्त्वावर होते. म्हणजे दर जूनला नवा अर्ज, नवी मुलाखत, जणू ही बाई कोण हे कुणाला ठाऊकच नाही. एप्रिलमध्ये तास संपले की मी कुणीच नसायचे. तरीपण नांदेडला माझी एक खोली होती, खोलीला माझं कुलूप होतं, आणि संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर जाऊन बसलं तर कुठं गेली होतीस म्हणून विचारणारं कुणी नव्हतं. लग्न आधी जमलं नाही आणि नंतर जमवायचं राहून गेलं. मला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं, हे मी कुणाला पटवायचं सोडून दिलं होतं.

वडील अहमदपूरला राहायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन दहा-बारा वर्षं झालेली. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. आई गेल्यावर ते एकटेच राहिले. भाकरी सोडून सगळा स्वयंपाक यायचा त्यांना, भाकऱ्या शेजारच्या काकू द्यायच्या. मोठा भाऊ पुण्यात कंपनीत. मी पंधरा दिवसांतून एकदा जायची आणि दुसऱ्या दिवशी निघायची.

एका सकाळी नळ आला म्हणून अण्णा पाणी भरत होते, आणि तिथंच घागरीशेजारी आडवे झाले. काकूंना वाटलं पाय घसरला. त्यांनी अण्णांच्या दोस्ताला बोलावलं. हे दोस्त एसटीतलेच, ड्रायव्हर. पंचवीस वर्षं दोघांनी एका गाडीवर काढलेली. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. चाचांनी अण्णांचं वाकडं झालेलं तोंड पाहिलं आणि रिक्षावाल्याला म्हणाले, “लकवा हाय. लातूर.” मला फोन आला तेव्हा मी वर्गात होते. खडू टेबलावर ठेवला आणि निघाले, पोरांना गृहपाठसुद्धा न सांगता.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी आहे. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलंय. पाय थोडा येईल. बोलण्याचं सांगता येत नाही. भाऊ पुण्याहून आला. चार दिवस अण्णा नुसते बघत होते, आमच्या तोंडाकडे, छताकडे, सलाइनच्या बाटलीकडे. पाचव्या दिवशी सकाळी मी त्यांच्या ओठांना ओलं फडकं लावत होते, तर त्यांचा गळा हलला आणि स्पष्ट आवाज आला.

“वापस.”

मी फडकं टाकून ओरडलेच. भाऊ बाहेरून धावत आला. “काय म्हणले? काय म्हणले?”

“वापस,” अण्णा म्हणाले.

“घरी वापस जायाचं म्हणतेत,” भाऊ म्हणाला आणि रडायला लागला. चाचांनी खाली जाऊन पेढे आणले, नर्सला दिले, झाडणाऱ्या बाईला दिले. आम्हाला सगळ्यांना वाटलं, एक शब्द आला म्हणजे आता त्याच्यामागून बाकीचे येतील. फलाटावर एक गाडी लागली की मागची लागतेच, तसं.

आठ दिवसांनी घरी आणलं. जीपमधून उतरवून पलंगावर बसवलं, आईचा फोटो समोर. भाऊ त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, “आलो बगा अण्णा घरी.” अण्णांनी घरभर नजर फिरवली आणि म्हणाले, “वापस.”

“घरीच हावोत अण्णा आपण.”

“वापस. वापस.”

तहान लागली, वापस. चहात साखर कमी, वापस. पंखा मोठा करा, वापस. कूस बदलायची, वापस. काकू भेटायला आल्या तर डाव्या हाताने अर्धा नमस्कार करून, वापस. दोन दिवसांत आमच्या लक्षात आलं की अण्णांना कुठंच जायचं नव्हतं. सगळं बोलणं गेलं होतं आणि त्या ढिगाऱ्यातून एवढा एकच शब्द हाताला लागला होता. लातूरच्या डॉक्टरांनी फोनवर समजावलं, असं होतं कधीकधी, एकच शब्द अडकून बसतो. त्याच्या अर्थाच्या मागे लागू नका. त्यांना कळतंय सगळं. काय सांगायचंय तेही कळतंय. पण तोंडापर्यंत फक्त तेवढंच येतंय.

भावाची रजा संपली. जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं अंगणात बसलो. तो म्हणाला, “पुण्याला न्यावं तर तिसऱ्या मजल्यावर घर. लिफ्ट न्हाई. तिची पण नोकरी.” ‘तिची’ म्हणजे वहिनीची.

“माझीपण आहे की,” मी म्हणाले.

“हाव, पण तुझं तासाचं हाय. तुला सोडता येतं अन् धरता येतं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “पंधरा दिवस बघ फक्त. मी बाई शोधतो.”

वाईट माणूस नाही तो. त्याने खरंच दोन बायका शोधल्या. एक तीन दिवस टिकली, दुसरी एक. संडास-लघवी करायला म्हाताऱ्या पुरुषाजवळ कोण टिकणार? पंधरा दिवसांचा महिना झाला. कॉलेजने माझे तास एका नव्या मुलीला दिले. मला फोन करून कळवलं, तेवढी माणुसकी होती त्यांच्यात.

अहमदपूरच्या गल्लीतल्या लोकांना मी चाळीशी उलटल्यावर पिशवी घेऊन आलेली दिसत होते. “आलाव का वापस?” असं दुकानदार विचारायचा, त्यात काही नव्हतं, त्याच्या दुकानातून पोहे न्यायला पुन्हा एक माणूस आलं होतं. आत्या मात्र फोनवर म्हणाली, “माघारी आलीस म्हणं.” तो शब्द टोचला. वर्गात मी हे सगळे शब्द एका ओळीत लिहायचे, परत, माघारी, वापस, आणि खाली लिहायचे समानार्थी. आता कळत होतं की ते एका ओळीत बसत नाहीत. परत येणाऱ्याला पुन्हा जाता येतं. सुट्टीला गेलेला परत येतो, पाखरं परत येतात. माघारी आलेल्या माणसाची पाठ दिसते, कुठल्यातरी लढाईतून निघून आलेली. आणि वापस तर वस्तू करतात. चप्पल चावली म्हणून दुकानात वापस केली. मला कुणी वापस केलं नव्हतं. पण दुपारी अण्णा झोपले आणि मी ओट्याशी उभी राहून जेवले की वाटायचं, माझ्यावर चिठ्ठी चिकटवून मला जिथून उचललं तिथं आणून ठेवलंय.

महिन्यातून एकदा लातूरला न्यावं लागायचं. तिथं बोलण्याचे व्यायाम शिकवणारी एक तरुण मुलगी होती. तिने मला वही करायला सांगितली. “ते कधी बोलले ते लिहा, आणि शेवटी त्यांना काय हवं होतं तेही लिहा. तुमच्या कानाला सवय होईल.”

मी लिहायला लागले. सुरुवातीला सगळ्या ओळी सारख्याच दिसायच्या. हळूहळू फरक कळायला लागला. ‘वा’ लांबवला आणि ‘पस’ गिळला की लघवी. दोन्ही अक्षरं तोडून टाकल्यासारखी म्हटली की नको. शेवटचा ‘स’ बारीक ओढत नेला की पाणी. डावा तळवा उलटा करून म्हटलं की कुशीवर वळवा. तेच हळू, डोळे मिटून म्हटलं तर त्याचा अर्थ मला कधीच लागला नाही. वहीत तिथं मी नुसतं ‘?’ करायची.

चाचांना मात्र वही लागली नाही. ते रोज सकाळी दहाला यायचे, खुर्ची ओढून पलंगाशेजारी बसायचे आणि दोघांच्या गप्पा चालायच्या.

“वापस.”

“हाव, मास्तर, लई उकडून राह्यलंय. कूलर लावा म्हणतो पोरीला.”

“वापस, वापस.”

“त्यो? त्यो मेला की मागच्या साली. उदगीरवाला ना?”

एसटीत ड्रायव्हर कंडक्टरला मास्तर म्हणतो, चाचा अजून तेच म्हणायचे. मी एकदा विचारलं, “चाचा, तुम्हाला खरंच कळतं, का त्यांचं मन राखता?”

ते म्हणाले, “बेटी, पंचवीस वर्सं मी ह्याच्याकडं पाठ करून बसलो. तोंड कुठं दिसायचं? नुसती घंटी. एक वाजली की थांब, दोन वाजल्या की चल. पण त्या एका घंटीत मला कळायचं, म्हातारं माणूस उतरून राह्यलंय का कुणाचं भांडण लागलंय. दोरी ओढायची रीत असती एकेकाची.”

मला त्या वेळी चाचांचा हेवा वाटला आणि रागही आला. ते दहाला यायचे आणि बाराला जायचे. बारानंतरचे वापस माझे होते.

सात-आठ महिने झाले असतील. श्रावणातली दुपार होती. त्या सकाळी कॉलेजातल्या एका मैत्रिणीचा फोन आला होता, नव्या वर्षाचे तास वाटले गेले, माझं नाव कुणी काढलंसुद्धा नाही. मी अण्णांना व्यायामाला बसवलं. चित्रं दाखवायची आणि नाव म्हणून घ्यायचं. कप दाखवला.

“वापस.”

“चहा अण्णा. च. च-हा.”

“वापस.”

घड्याळ दाखवलं, वापस. गाय दाखवली, वापस. माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी चित्रं खाली आपटली आणि म्हणाले, “बरं राहू द्या सगळं. ‘परत’ म्हणा. एवढं तरी म्हणा. प-र-त!”

आज आठवलं की लाज वाटते. जगातल्या सगळ्या शब्दांतून मी त्यांच्याकडे मागितला तो हा. पाणी नव्हे, माझं नाव नव्हे. पेपरातली चूक दुरुस्त करायला बसले होते मी.

अण्णांनी प्रयत्न केला. ओठ मिटले, फुगवले. “प... प...” कपाळावर घाम आला. मानेच्या शिरा ताणल्या. मी थांबायला हवं होतं, पण मी त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणत राहिले, परत, परत, परत. शेवटी त्यांच्या छातीतून आवाज निघाला, “वापस!” आणि ते रडायला लागले. मी वडिलांना रडताना पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही ते लोकांना चहा विचारत फिरत होते. मी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. स्टँडवरून गाड्यांचे आवाज येत होते. त्यांतली एखादी नांदेडची असेल, एवढाच विचार मनात आला. त्यांचं तोंड पुसावं असं खूप वेळ वाटलंच नाही.

त्यानंतर मी चित्रं काढली नाहीत. लातूरच्या मुलीने विचारलं तर खोटं सांगितलं, करतो रोज.

वर्ष उलटलं. अण्णा काठी घेऊन घरातल्या घरात चालायला लागले. उजवा पाय फरफटायचा, पण खिडकीपर्यंत जायचे आणि स्टँडकडे बघत उभे राहायचे. त्याच सुमारास नांदेडच्या दुसऱ्या एका कॉलेजाची जाहिरात मैत्रिणीने पाठवली. पूर्ण वर्षाची जागा, तासावर नाही. मी कुणाला न विचारता अर्ज केला. मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा भावाला फोन केला. तो म्हणाला, “मिळालं तर बघू की मग. काहीतरी करू.” काहीतरी म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. त्यालाही ते माहीत नसणार आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी अण्णांचं सगळं सकाळी लवकर आवरलं. काकू जेवायला वाढणार होत्या, चाचा मी येईपर्यंत थांबणार होते. इस्त्रीची साडी नेसून मी अण्णांसमोर उभी राहिले. “नांदेडला जाऊन येते. संध्याकाळी येते.” त्यांनी मला पायापासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “वापस.” माझ्या कानाला तो आशीर्वादासारखा लागला. चांगलं काही व्हायचं असलं की तसंच ऐकू येतं.

नांदेडच्या स्टँडवर उतरले तेव्हा ओळखीचा वास आला, डिझेल, पेरू आणि नदीकडून येणारा ओलसर वारा. ऑटोत बसून कॉलेजला गेले. माझा नंबर अकरावा होता. बाहेर बाकावर सगळ्या माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मुली, हातात फायली. सातवा नंबर आत गेला आणि माझा फोन वाजला. चाचा होते.

“बेटी, घाबरू नको.”

मी बाकावरून उठले. “काय झालं?”

“मास्तर ठीक हाय. मी जवळच हाय. पण आमी मुखेडला हाव.”

“मुखेडला? कशाला?”

“गाडीत बसून आलो. आता ह्यो वापस यायला तयार न्हाई.”

मला आधी काही कळेना. चाचा सांगत होते ते असं. कित्येक दिवसांपासून अण्णा खिडकीत उभे राहून स्टँडकडे हात करायचे आणि वापस वापस म्हणायचे. चाचांना वाटलं, मास्तरला गाडीत बसायचंय. आज मी घरी नाही, मी असते तर जाऊ दिलं नसतं, म्हणून त्यांनी अण्णांना हाताला धरून नेलं आणि मुखेडच्या गाडीत बसवलं. जायचं आणि त्याच गाडीने यायचं, दुपारच्या जेवणाला घरी. कंडक्टर तरुण मुलगी होती, तिने अण्णांना मुद्दाम स्वतःच्या सीटवर बसवलं. अण्णा रस्ताभर खूश होते. मुखेडला उतरले, बाकावर बसले आणि गाडी निघायची वेळ झाली तर उठेनात. ओढलं तर काठी उगारली. ती गाडी गेली. मागची गेली. चाचांच्या गुडघ्यांत दम नाही, उचलून घालणार कसे?

“मी येते,” मी म्हणाले.

आठवा नंबर आत जात होता. नोंद घेणाऱ्या शिपायाला मी म्हणाले, “माझं नाव शेवटी घेता येईल का? संध्याकाळी?” तो म्हणाला, “मॅडम, साहेब एकला उठणार.” मी फाईल पिशवीत घातली. माझ्याआधी तीन माणसं राहिली होती फक्त. अर्धा तास थांबले असते तर? चाचा होते त्यांच्याजवळ, जिवाला काही धोका नव्हता. हे मी स्वतःला अजून विचारते. तेव्हा विचारलं नाही, पाय आपोआप स्टँडकडे वळले. वर्षभरात पायांना अण्णांकडे धावायची तेवढीच सवय झाली होती.

मुखेडला पोचेपर्यंत तीन वाजले. बाजाराचा दिवस होता, स्टँडवर माणसं, पोती, कोंबड्यांच्या पाट्या. अण्णा टोकाच्या बाकावर बसलेले, काठी दोन गुडघ्यांमध्ये, आणि शेजारी चाचा, उन्हाने काळवंडलेले. मला बघून चाचा उठले.

“चाचा, मी तुमच्या भरवशावर ठेवलं होतं ना त्यांना?”

“हाव, बेटी. चूक झाली.”

“काय चूक झाली! तुम्हाला कळतं ना त्यांचं सगळं? मग हे कसं नाही कळलं?”

सत्तरी ओलांडलेला माणूस, सकाळपासून उपाशी. मला माझ्याच आवाजाची किळस आली. मी म्हणाले, “जा, काहीतरी खाऊन या. मी बसते.” ते टोपी नीट करून हॉटेलकडे गेले.

मी अण्णांच्या शेजारी बसले. अहमदपूरची गाडी लागली. “चला,” मी म्हणाले.

“वापस.” तोडून. म्हणजे नको.

“कुठं जायचंय मग? गावाकडं?” आमचं मूळ गाव मुखेडपासून जवळच. अण्णांची पहिली नोकरीही ह्याच स्टँडवरची. “जुन्या खोलीकडं? कुणाला भेटायचंय?”

“वापस.” नको. नको. नको.

गाडी गेली. आणि मग माझं तोंड सुटलं. ओरडले नाही, आजूबाजूला माणसं होती. समोर बघत, हळू आवाजात बोलत राहिले. आज माझी मुलाखत होती अण्णा. पूर्ण वर्षाची जागा होती. अकरावा नंबर होता, आठव्यापर्यंत आलं होतं. मी साडी इस्त्री करून गेले होते. तुमच्यापायी उठून आले. मला तुमचा राग येतो. दादाचा येतो, आईचा येतो, मेली म्हणून. चाचांचा येतो. सगळ्यांत जास्त तुमचा. मला नाही राहायचं अहमदपूरला. नांदेडच्या खोलीचं भाडं भरतेय मी अजून, वर्ष झालं, कुलूप तसंच आहे. सोडवत नाही. सोडली तर संपलंच.

त्यांना सगळं कळतं, हे डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. मी ते सोयीने विसरले होते. अण्णा माझ्याकडे वळले. खूप वेळ बघत राहिले. मग काठी मांडीवर आडवी ठेवली, डावा हात मोकळा केला आणि माझ्या खांद्याला लावून मला ढकललं. पलीकडच्या फलाटाकडे. तिथं नांदेडची गाडी उभी होती, पाटी दिसत होती.

“वापस,” ते म्हणाले. आणि पुन्हा ढकललं. “वापस.”

हा वहीत नव्हता. असा त्यांनी कधी उच्चारला नव्हता, लहानपणी शाळेला उशीर झाल्यावर ‘जा पळ’ म्हणायचे तसा. त्यात रडं नव्हतं, राग नव्हता. जा म्हणत होते. तुझ्या जागेवर जा.

मला समजलं. आणि मी न समजल्यासारखं केलं.

त्यांचा हात खांद्यावरून काढून मी माझ्या हातात घेतला आणि म्हणाले, “हो अण्णा, जाऊ वापस. घरीच जाऊ.”

दुसरं काय करणार होते? नांदेडच्या गाडीत चढून बसायचं आणि त्यांना तिथंच बाकावर सोडायचं? त्यांना जा म्हणता येत होतं, मला जाता येत नव्हतं, आणि हे दोघांनाही कळत होतं. अण्णांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी खोटं बोलतेय हे ओळखायला त्यांना भाषा लागत नव्हती. त्यांनी हात सोडवून घेतला, काठी टेकली आणि उठले. पुढची अहमदपूरची गाडी लागली, चाचा आले, आम्ही दोघांनी धरून चढवलं. ह्या वेळी त्यांनी जराही विरोध केला नाही. कंडक्टरने चाचांना विचारलं, “बाबा कुठपर्यंत?” आणि अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. सबंध रस्ता ते एक शब्द बोलले नाहीत. चाचा पुढच्या सीटवर होते. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय रिकाम्या जागेत ब्रेक दाबत होता.

ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. भाऊ म्हणाला, “जाऊ दे, पुन्हा निघतील.” दिवाळीत तो चार दिवस आला तेव्हा मी नांदेडला जाऊन खोली रिकामी केली. दाराची कडी गंजली होती. गुळाच्या डब्यात मुंग्यांचं वारूळ झालं होतं, आणि दोरीवर मी घाईत सोडून गेलेला टॉवेल वाळून पापडासारखा कडक झाला होता. मालकीण बाईंनी विचारलं, “कायमच्या चाल्लाव का मॅडम?” मी हो म्हणाले. टेम्पोवाल्याने पुस्तकांचं कपाट आडवं बांधलं. ते अहमदपूरच्या दारातून आत गेलं नाही. अजून ओसरीतच आहे, वर प्लास्टिक टाकून.

आता मी सकाळी दहावीच्या मुलींच्या शिकवण्या घेते. चाचांचं येणं कमी झालंय, गुडघे. अण्णांची तब्येत बरी म्हणायची. मागच्या उन्हाळ्यापासून त्यांना दोन-तीन नवे शब्द आलेत, लातूरची मुलगी म्हणते इतक्या उशिरा सहसा येत नाहीत. ‘चहा’ येतो. एक शिवी येते, स्टँडवरची, ती ऐकून शिकवणीच्या पोरी तोंडावर ओढणी घेतात. आणि आता ‘हाव’ येतं, म्हणजे हो.

मुखेडच्या बाकावरची गोष्ट मी दादाला सांगितली नाही, चाचांनाही नाही. अण्णांना ती आठवते का, माझ्यावर त्यांचा राग आहे का, आता विचारता येईल. विचारलं तर त्यांना उत्तर देता येईल. दुपारी त्यांना भरवताना कधीकधी तोंडाशी येतं. मग मी घास पुढे करते आणि विचारते, मीठ बरोबर आहे का.